बिबट्या आणि खवले मांजर : एकच कायदा, दोन वेगळी जनावरं

विषयाचं नाव वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल. तुलना करायचीच तर बिबट्याची वाघाशी करावी, फार तर तरसाशी करावी. खवले मांजराशी कशाला? एक पन्नास-साठ किलोचा शिकारी, दुसरं दहा-पंधरा किलोचं, बिनदाताचं, मुंग्या खाणारं जनावर. यांची गाठ घालायची कशी?

गाठ आपणच घातलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघंही अनुसूची एकमध्ये आहेत. म्हणजे कागदावर दोघांना सारखंच, सगळ्यात वरच्या दर्जाचं संरक्षण. दुसरं म्हणजे दोघंही मोठ्या संख्येने अभयारण्याबाहेर राहतात. उसात, काजूच्या बागेत, गावामागच्या सड्यावर, देवराईत, म्हणजे आपल्याच आसपास. आणि तिसरी गोष्ट. यातलं कुठलंही जनावर दिसलं की गावात एकच गोष्ट घडते. गर्दी जमते, मोबाईल निघतात, आणि कोणीतरी म्हणतं, "पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा."

आज मला एवढंच सांगायचंय, की हा 'पकडा आणि सोडा' उपाय दोघांनाही मारक आहे, पण अगदी उलट कारणांनी. ती कारणं समजायची तर आधी या दोघांची शरीरं आणि स्वभाव बघावे लागतील. तिथूनच सुरुवात करू.

नाव आणि नातं

खवले मांजर हे मांजर नाही, हे आपण सगळेच जाणतो. अंगावर खवले, लांब तोंड, सरड्यासारखी शेपटी. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो सरपटणारा प्राणीच वाटतो. पण ते सस्तन आहे. पोटाखाली केस आहेत, मादी पिल्लाला दूध पाजते. जगात याच्या आठ जाती मानल्या जातात, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. आपल्याकडचं ते भारतीय खवले मांजर.

बरीच वर्षं अभ्यासकांनी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंच्या गटात बसवलं होतं. दिसणं सारखं, खाणं सारखं, मग नातंही असणार असा हिशेब. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर हा हिशेब चुकीचा निघाला. आजच्या जिवंत प्राण्यांमध्ये खवले मांजराचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे मांसाहारी गण. त्यात मांजरं, कुत्री, अस्वलं, आणि अर्थात बिबट्या येतो. म्हणजे गावातल्या माणसाने दिलेलं 'मांजर' हे नाव अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं.

आता जवळचे म्हणजे किती जवळचे? दोघांचा सामायिक पूर्वज सात-आठ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर अजून जमिनीवर होते त्या काळातला. तिथून दोन वाटा फुटल्या आणि दोन अगदी वेगळी उत्तरं तयार झाली. प्रश्न मात्र दोघांपुढे तेच होते. खायचं काय, आणि वैरी समोर आला तर करायचं काय.

खायचं काय?

बिबट्याला हा प्रश्न कधी फार छळत नाही. तो उंदीर खातो, ससा खातो, माकड, भेकर, चितळ, रानडुकराचं पिल्लू, कोंबडी, शेळी, कुत्रं, जे मिळेल ते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुका आहे. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा सविस्तर अभ्यास केला. त्या खोऱ्यात राखीव जंगल असं नाही. ऊस, भाजीपाला, वस्त्या, रस्ते. तरीही १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे तिथे राहत होते. त्यांच्या विष्ठेवरून ते काय खातात हे तपासलं, तेव्हा वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के अन्न पाळीव किंवा माणसाच्या आधाराने जगणाऱ्या जनावरांचं निघालं. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. घरची मांजरं १५ टक्के. शेळ्या त्यानंतर.

हे आकडे नीट बघा. आपल्याला वाटतं बिबट्या शेळ्यांसाठी येतो. तो प्रामुख्याने आपल्या कुत्र्यांवर जगतोय, आणि कुत्री आपल्या उकिरड्यांवर जगतायत. ही सगळी साखळी आपणच घातलेली आहे.

राहायला जागा? तीही आपणच दिली. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागात धरणं झाली, कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो. दाट, थंड, पाणी जवळ, माणसांची वर्दळ कमी. मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? म्हणून तर तोडणीच्या हंगामात उसाच्या फडात पिल्लं सापडतात. कित्येक बिबटे असे आहेत, की ज्यांचा जन्म उसातला आणि वाढही उसातली. त्यांच्यासाठी ऊस हेच घर आहे. 'जंगलातून भरकटून आला' ही बातमीतली ओळ त्यांना लागूच पडत नाही.

आता खवले मांजराचं ताट बघू. त्यात दोनच पदार्थ, मुंग्या आणि वाळवी. तोंडात एकही दात नाही. जीभ लांबलचक आणि चिकट, तिचं मूळ घशात नसून पार छातीच्या पोकळीत आत आहे. पुढच्या पायांना मोठी, वाकडी नखं आहेत, त्यांनी ते वारूळ फोडतं, जीभ आत घालतं आणि ओढून घेतं. चावायची सोय नाही, म्हणून दळायचं काम पोट करतं. पोटाच्या एका भागाचं आतलं अस्तर टणक असतं आणि खाण्याबरोबर गिळलेले बारीक खडे तिथे जात्यासारखे काम करतात. कोंबडीच्या पेंदुळ्यात होतं तसंच. मुंग्या उलट्या चावू नयेत म्हणून नाकपुड्या आणि कान मिटून घेता येतात.

किती अचूक यंत्र आहे बघा. पण यंत्र जितकं अचूक तितकं ते एकाच कामाचं. वारुळं नष्ट केली, जमीन जेसीबीने सपाट केली, बागेत कीटकनाशक ओतलं, तर बिबट्यासारखं "चला, आज कुत्रं" असं त्याला म्हणता येत नाही. आणि याच कारणाने त्याला बंदिस्त ठेवणं फार अवघड असतं. ओडिशात भुवनेश्वरजवळ नंदनकानन प्राणिसंग्रहालय आहे, तिथे यांच्या प्रजननाचं खास केंद्र आहे. अशा मोजक्या ठिकाणी अनुभवी माणसांच्या हाताखाली ती जगतात. एरवी पकडून ठेवलेलं खवले मांजर बहुधा खातच नाही, आणि ताणानेच खचतं.

वैरी आला तर?

बिबट्याचं पहिलं उत्तर म्हणजे न दिसणं. अंगावरचे ठिपक्यांचे पुंजके उन्ह-सावलीत विरघळून जातात. तो झाडावर चढतो, पोहतो, फिरणं रात्रीवर ढकलतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, चहूबाजूंनी शहर. तिथे बिबटे पिढ्यान्पिढ्या राहतायत आणि आजूबाजूच्या लाखो माणसांना आयुष्यात एकदाही दिसत नाहीत. माणूस कधी उठतो, कधी झोपतो, कुत्रं कुठे बसतं, हे सगळं तो शिकतो. थोडक्यात, बिबट्यापाशी पर्याय आहेत. एक दार बंद झालं तर तो दुसरं शोधतो.

खवले मांजराचं उत्तर एकच, गुंडाळून घेणं. इंग्रजीतला 'पँगोलिन' हा शब्दच मलाय भाषेतून आलाय, त्याचा अर्थ गुंडाळी करणारा. धोका वाटला की ते डोकं पोटाशी घेतं, वरून शेपटी लपेटतं आणि चेंडू होऊन बसतं. बाहेर फक्त खवले, एकावर एक, कौलांसारखे, कडा धारदार. मादीपाशी पिल्लू असेल तर ती त्यालाही आत घेते. बिबट्यासुद्धा पंजाने इकडे तिकडे लोटतो, चाटतो, दात लावून बघतो आणि बहुतेक वेळा कंटाळून निघून जातो.

म्हणजे हा बचाव कच्चा नव्हता. दात आणि पंजे असलेल्या वैऱ्यापुढे तो कोट्यवधी वर्षं टिकला. फक्त तो ज्या वैऱ्यासाठी तयार झाला, त्याच्याकडे हात आणि पोतं नव्हतं. माणसाला काय करावं लागतं? वाकायचं, चेंडू उचलायचा, पोत्यात टाकायचा. ते पळत नाही, चावत नाही, ओरडत नाही. ज्या बचावाने त्याला वाघ-बिबट्यांपासून वाचवलं, त्याच बचावाने ते चोरट्याच्या हातात आयतं पडतं.

याचं प्रमाण किती असेल? २०१९ च्या एप्रिल महिन्यात सिंगापूरच्या बंदरात आठवड्याभरात दोन कंटेनर पकडले. एकात १२.९ टन खवले, दुसऱ्यात १२.७ टन. नायजेरियातून व्हिएतनामकडे चालले होते. हे आफ्रिकेतल्या जातींचे खवले, पण हजारो जनावरं. आशियातली संपत आली, तशी मागणी आफ्रिकेकडे वळली. आपल्या कोकणात, विदर्भात जी प्रकरणं उघडकीला येतात, तीही याच बाजाराच्या आशेने झालेली असतात.

आणि बाजार कशाचा? खवले केराटिनचे असतात. आपली नखं, केस, गेंड्याचं शिंग, सगळं केराटिनच. त्यात औषध असतं तर न्हाव्याच्या दुकानातला केर सोन्याच्या भावाने गेला असता. खुद्द चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवल्यांची नोंद काढली. त्याआधी २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला होता. तरी चोरटा धंदा चालूच आहे.

यात आणखी एक हिशेब आहे. बिबट्याच्या मादीला एका वेळी दोन-तीन पिल्लं होतात. खवले मांजराला बहुधा एकच. शेपटीच्या मुळाशी ते पिल्लू बसवून आई फिरते. म्हणजे एक मादी पोत्यात गेली, तर बऱ्याचदा दोन जीव गेले, आणि ती भर निघायला बराच काळ लागतो.

'पकडा आणि सोडा'चं काय होतं?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. २००१ च्या सुमारास जुन्नर भागात बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडायची मोहीम झाली. हेतू चांगला होता. त्याचा पुढे अभ्यास झाला. मोहिमेआधी त्या भागात माणसांवरच्या हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती. मोहीम सुरू झाल्यावर ती १७ वर गेली. जिथे सोडले, त्या भागांतही हल्ल्यांच्या घटना घडल्या.

असं का व्हावं? एक म्हणजे रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. जुना, माणसाला टाळायला शिकलेला नर गेला की नवखी, कोवळी जनावरं हद्दीसाठी भांडत येतात. दुसरं, सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात, पिंजऱ्याच्या ताणाने बिथरलेला असतो. आणि तिसरं, तो चालतो. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा नर विहिरीत पडला होता. त्याला 'आजोबा' नाव मिळालं. गळ्यात कॉलर घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. हा गृहस्थ महामार्ग ओलांडून, रेल्वे ओलांडून, वसईची खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोहोचला. वाटेत कोणालाही ओरखडा नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली तो गेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही आला. आजोबा शांत होता, सगळे तसे नसतात. पण बिबट्या सोडल्या जागी राहील हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्याने दाखवून दिलं.

खवले मांजराचं उलट होतं. ते परत येत नाही, बातमीही होत नाही, आणि म्हणून आपल्याला वाटतं काम फत्ते झालं. पण त्याची बिळं, त्याची वारुळं, वासाने ओळखीच्या झालेल्या वाटा मागे राहिल्या. डोळे अधू, सगळी भिस्त नाकावर. अनोळखी रानात त्याला पहिल्या रात्री बीळही नसतं. त्यात पकडल्यावर दोन दिवस पिंपात ठेवलं, लोकांनी हात लावून फोटो काढले, पाव-बिस्किट पुढे टाकलं, तर सोडेपर्यंत ते अर्धमेलं झालेलं असतं.

म्हणजे एकाच उपायाचे दोन परिणाम. बिबट्याच्या बाबतीत किंमत माणसं मोजतात आणि ती दिसते. खवले मांजराच्या बाबतीत किंमत ते जनावर मोजतं आणि ती कोणाला दिसत नाही.

दिसणारं आणि न दिसणारं

हा दिसण्याचा भाग महत्त्वाचा आहे. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या फोटोवरून एकेक बिबट्या ओळखता येतो. म्हणून त्यांचा अंदाज काढता येतो. २०१८ च्या मोजणीत देशात १२,८५२ आणि २०२२ च्या मोजणीत १३,८७४. महाराष्ट्रात १,६९० वरून १,९८५. खवले मांजरं फोटोत सगळी सारखीच. शिवाय ती रात्री निघतात, दिवसा बिळात शिरून तोंड मातीने बुजवून घेतात. देशभराचा असा आकडा त्यांच्यासाठी नाहीच. उद्या निम्मी नाहीशी झाली, तरी कुठल्या तक्त्यात घट दिसणार नाही.

बिबट्याला आपल्या संस्कृतीतही जागा आहे. वाघोबाच्या देवळात वाघ आणि बिबट्या असा भेद फारसा केला जात नाही, दोघंही वाघच. भीतीतून का होईना, एक करार होता. खवले मांजराला ना भीती, ना देऊळ. म्हणून मला चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाची गोष्ट फार मोलाची वाटते. २०२० च्या फेब्रुवारीत, जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने तिथे 'खवलोत्सव' झाला. 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही चिपळूणची संस्था आणि गावकरी एकत्र आले आणि खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी निघाली. कोकणातलं बहुतेक रान खाजगी मालकीचं आहे. तिथे वनखात्याचा पहारा पुरणार नाही. ज्याच्या कलमांच्या बागेत बीळ आहे, तो बागवालाच राखणदार व्हायला हवा. पालखीने ते काम सुरू केलं.

मग करायचं काय?

बिबट्याच्या मुलखात उपाय माणसाच्या बाजूने करावे लागतात. शेळ्यांना छतासकट बंदिस्त गोठा. उकिरडे आणि भटकी कुत्री आटोक्यात. अंधार पडल्यावर लहान मूल एकटं अंगणात नको. रानात जाताना मोठ्याने बोलणं, बॅटरी, मोबाईलवर गाणं. आणि शेतीला दिवसा वीज. रात्री दोन वाजता पाणी धरायला माणसाला फडात जावं लागतं, हा प्रश्न वनखात्याचा नाही, पण बिबट्याच्या प्रश्नाचा तो मोठा तुकडा आहे.

खवले मांजराच्या मुलखात उपाय आणखी साधे आहेत. हात लावू नका. ते रस्ता ओलांडत असेल तर ओलांडू द्या, कुत्री बाजूला करा. वणवा लावू नका, सरसकट रान तोडू नका, वारुळं राहू द्या. कोणी विकत घेतो म्हणाला, तर कळवा. अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. आणि फोटो काढलाच, तर गावाचं नाव टाकून पाठवू नका. बघणाऱ्यांत खरेदीदारही असतो.

दोन्हीकडे वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लक्षात ठेवा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : आमच्या तालुक्यात लहान मुलं गेली आहेत. तुम्ही सांगता बिबट्याला हलवू नका. मग आम्ही मरायचं का?

नाही. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घरापुढे आकडे मांडायला मी जाणार नाही. माणसावर वारंवार हल्ला करणाऱ्या विशिष्ट बिबट्याला पकडायची, आणि दुसरा इलाज नसेल तर मारायचीही तरतूद कायद्यात आहे. मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊ शकतात. ती तातडीने वापरली गेली पाहिजे. माझं म्हणणं सरसकट पकडण्याबद्दल आहे. नुसता दिसला म्हणून पकडला, तर त्याच्या जागी कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही.

प्रश्न : उसात पिल्लं सापडली तर?

तोडणी तेवढ्या भागात थांबवा, पिल्लांना हात लावू नका, गर्दी हटवा, १९२६ ला कळवा. आई जवळच असते. जुन्नर भागात वनखात्याने आणि पशुवैद्यकांनी अशी कित्येक पिल्लं रात्री त्याच जागी ठेवून आईला परत मिळवून दिली आहेत. पिल्लं उचलून नेली, तर चिडलेली मादी गावात फिरते.

प्रश्न : खवले मांजर घराच्या पायाशी बीळ करतं. घर खचेल का? ते चावतं का?

चावायला दातच नाहीत. घराजवळ ते आलं, तर बहुधा वाळवीसाठी आलंय, म्हणजे तुमच्या वाशांच्या शत्रूवर आलंय. एक-दोन रात्रींत वाळवी संपली की ते पुढे जातं. राहिलेला खड्डा आधी रिकामा असल्याची खात्री करून मग मातीने बुजवा. एवढी कळ काढली, तर दोघांचंही भागतं.